तिसरी तार

यंदा पाडवा झाला आणि लाईन पुन्हा बोलायला लागली.

आमच्या शिवारावरून चंद्रपूरकडची वीज मुंबईकडे नेणारी एक मोठी लाईन गेली आहे. हवा कोरडी झाली, फुफाटा उडायला लागला की तिच्यातून चर्र असा आवाज येतो. तापल्या तव्यावर ओला हात झटकावा तसा, फक्त न थांबणारा. गावातल्या बाकीच्या तारा पावसात कुरकुरतात. हिचं सगळं उलटं. पावसात ही मूग गिळून गप्प बसते आणि उन्हाळ्यात तिला कंठ फुटतो. त्यामुळे आमच्याकडे साल कसं आहे हे विचारायला कुणी पंचांग उघडत नाही. दुपारी बांधावर उभं राहायचं आणि कान द्यायचा.

परवा मी तशीच उभी राहिले आणि मला तो उन्हाळा आठवला, लाईन ओढली तो. दुष्काळ या डोळ्यांनी पुष्कळ पाहिले. त्यातले बरेच एकमेकांत मिसळून गेले, कुठला टँकर कुठल्या सालचा तेही सांगता येणार नाही. तो मात्र वेगळा राहिला. त्या उन्हाळ्याला एक वास होता, ओल्या सिमेंटचा. अख्ख्या शिवारात ओलं असं तेवढंच होतं. टावरचे पाय जमिनीत रोवले की त्यावर पोती टाकून पाणी मारावं लागतं म्हणे, आणि त्यासाठी कंपनीचा टँकर यायचा. आमच्या बाया घागरी घेऊन ओढ्यात झिरे उकरत बसलेल्या आणि समोर टावरची आंघोळ चाललेली. माझं टाळकंच सणकायचं. मी नवी नवरी, बोलायची सोय नव्हती, तरी बोलायचे. मी लातूरची. आमच्या तोंडाला कवाड नसतं असं सासरी अजून म्हणतात, आणि ते खोटं नाही.

सासर म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाचं गाव. एका ओढ्यापलीकडे तेव्हा परभणी जिल्हा लागायचा. आम्ही लिंगायत वाणी, गावात किराण्याचं दुकान, मागं थोडी जमीन, एक विहीर. घरात सासरे, त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. सासूबाई म्हणजे अव्वा, त्या देगलूरकडच्या, चिडल्या की तेलुगूत पुटपुटायच्या, म्हणजे आम्हाला कळू नये. आमचे मालक दुकानात. आणि शिवकांता, माझी थोरली नणंद. आम्ही तिला अक्का म्हणायचो.

अक्का माहेरी येऊन राहिली होती. तिचं सासर ओढ्यापलीकडे, हाकेच्या थोडं पुढं. तिच्या मालकानं दुसरी करून आणली, आणि अक्का एक दिवस कपड्याचं बोचकं काखेत मारून ओढा उतरून चालत आली. भांडली नाही, रडली नाही. आल्या आल्या चुलीपुढं बसली आणि भाकरी थापायला लागली, ती तशीच बसून राहिली होती. माहेरी परत आलेल्या बाईला घरात कुणी काही म्हणत नाही, पण तिची जागा चुलीपासून दारापर्यंत सरकत नाही. जेवायला सगळ्यांच्या शेवटी. बोलायला तर त्याच्याही नंतर. दुष्काळात तेरावा महिना असं अव्वा एकदा तिच्या देखत म्हणून गेल्या, आणि मग दिवसभर स्वतःच जेवल्या नाहीत.

अशात तारवाले आले. बंगालकडची माणसं, मालद्याची. काटकुळी, काळीसावळी, कमरेला दोर आणि पान्हे लटकवलेली. आमच्या पडीक रानात त्यांनी ताडपत्रीचे तंबू ठोकले. त्यांचा आचारी आल्या आठवड्यातच ऊन लागून आजारी पडला आणि गावाकडे निघून गेला. त्यांचा मुकादम दुकानात आला, हिंदीत अप्पांना म्हणाला, "सेठ, कोई खाना बनाएगा क्या?" अप्पा विचार करत गल्ल्यावर बसून राहिले. आतून अक्काचा आवाज आला, "मी करते." इतक्या दिवसांत तिनं दुकानापर्यंत ऐकू जाईल असं काही म्हटलं होतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नांदेडला गेलो, मोठी पातेली घ्यायला. एसटीत धूळ, सीटचा रेक्झिन पोळणारा, पुलावरून गोदावरी बघितली तर अर्धी वाळू. कुणीतरी म्हणालं विष्णुपुरीच्या धरणात पाणी आहे अजून. अक्का खिडकीशी बसून वळून वळून बघत होती. मला म्हणाली, "नदी असून ही गत, अन् आपून ओढ्यावर रडून राहिलो." भांड्याच्या दुकानात तिनं प्रत्येक पातेलं उचलून, उलटं करून, बोटानं वाजवून पाहिलं. दुकानदार बेजार झाला. मी इतके दिवस त्या घरात होते, पण अक्काला काही निवडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग आमच्या परसात पंगती बसायला लागल्या. त्या माणसांना ज्वारी घशाखाली उतरेना. भाकरी हातात घेऊन ते तिच्याकडे असे बघायचे, जणू कुणी घरावरचं कवेलू वाढलं आहे. अक्कानं भात वाढवला, वरण पातळ केलं, मोहरीचं तेल मिळेना तर करडईच्या तेलात भागवलं. हळूहळू तेही शेंगदाण्याच्या चटणीवर भाळले. पुढं पुढं तर एकजण भाकरीला "दीदी, वो गोल वाला" म्हणून हात पसरायचा. अडचण एकच होती. ते मासेखाऊ, आम्ही गळ्यात लिंग बांधणारे. रविवारी ते कुठूनतरी सुकट आणून तंबूत शिजवायचे आणि वारा नेमका आमच्या दिशेला. अव्वा नाकाला पदर लावून अख्खा तेलुगू प्रांत डोक्यावर घ्यायच्या. अक्का म्हणायची, "कसला वास? मला तर काय येऊन राहिला न्हाई."

जेवून ते पुन्हा वर चढायचे. भर उन्हात, लोखंड हाताला चटके देत असताना, आभाळात माणसं झोळीत बसल्यासारखी बसायची आणि खाली यंत्रं तार ओढायची. दुष्काळाचं एवढं एक बरं झालं, तुडवायला रानात पीक नव्हतं, म्हणून भांडणं झाली नाहीत. अक्का हातातलं काम सोडून दारात यायची, डोळ्यावर हात धरून वर बघायची. कोण कुठल्या टावरवर आहे हे तिला खालून कळायचं. कुणी जेवायला उशीर केला तर ती त्याला दटावायची, आणि ती माणसं मान खाली घालून ऐकून घ्यायची.

त्या दिवसांत अक्का बदलली. ती हसते कशी हे मला तेव्हा समजलं. दुकानात कोणता माल भरायचा हे अप्पा तिला विचारायला लागले. ती ओट्यावर येऊन बसायला लागली, रस्त्याकडे तोंड करून. हे वाचायला साधं वाटेल, पण माहेरी परतलेली बाई रस्त्याकडे तोंड करून बसते म्हणजे काय, ते आमच्या गावात राहिल्याशिवाय कळणार नाही. मला तिचं फार कौतुक वाटायचं. थोडा हेवाही वाटायचा, कारण मी अजून आतच होते.

पावसाळा आला तो नुसता नावाला. तारवाल्यांचा आमच्याकडचा टप्पा संपला, तंबू उठले, माणसं ट्रकमध्ये बसून पुढं गेली. जाताना सगळे अक्काच्या पाया पडून गेले. परसात पातेली घासून पालथी ठेवलेली, आणि वर आभाळात तारा.

त्या तारा बघून अप्पा अस्वस्थ झाले. टावरला दोन हात, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रत्येक हाताला चार तारांचा एक जुडगा. गाव त्या जुडग्यालाच एक तार म्हणायचं. वर टोकाला बारीक तार होती, ती पावसाळी विजेसाठी असते, ती धरायची नाही, असं अप्पा म्हणाले. म्हणजे तारा झाल्या दोन. आता विहिरीवर मोटार बसवलेल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं की वीज तीन तारांची असते. तीन फेज. एक फेज गेला की मोटार घुं घुं करते आणि जळते. अप्पांची मोटार तशी जळाली होती, तो वास त्यांच्या नाकातून गेला नव्हता.

"तिसरी तार यायची हाय अजून," अप्पांनी जाहीर केलं.

"अन् बांधतील कुठं? हात तर दोनच हायत," कुणीतरी विचारलं.

"मधी लोंबकळवतील. जागा न्हाई का मोकळी?"

सगळ्यांनी वर बघितलं. जागा होती. गावाला पटलं. पुढं लाईन चालू झाली, चर्र आवाज यायला लागला, तरी अप्पा हटले नाहीत. आमच्याकडे एक फेज गेला तर शेतकरी मोटारीला कंडेन्सर लावून दोन फेजवर चालवतात. तेच मुंबईवाल्यांनी केलं असणार, असं त्यांचं म्हणणं. "घाई असंल त्यांना. दोन फेजवर चालवून राहिलेत. जळंल काहीतरी, मग येतील धावत तिसरी घेऊन." मला हसू यायचं, पण खरं सांगते, मलाही ते बरोबरच वाटत होतं.

दुष्काळ दुसऱ्या वर्षात शिरला आणि ओढ्यापलीकडून निरोप आला. निरोप घेऊन आले तात्या, अप्पांचे चुलतभाऊ. भावकीतलं काही मोडायचं जोडायचं असलं की तात्या असायचेच. अक्काचे मालक तिला परत न्यायला तयार आहेत, म्हणाले. मी आतून कान लावला होता. मला वाटलं, बरं झालं, उपरती झाली माणसाला. मग तात्या पुढचं बोलले. दुसरीला लागोपाठ लेकरं झालेली, ती बाळंतीण, आणि त्यांच्या गावचं पाणी लांब गेलेलं, डोंगराच्या पलीकडच्या विहिरीवर. घरात पाणी भरायला बाई पाहिजे होती.

अप्पांची मान खाली गेली. तात्या म्हणाले, "हक्काचं घर हाय पोरीचं. आज बोलावून राहिलेत, उद्या बोलावतील का?" अव्वा तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या.

अक्का दाराशी येऊन उभी राहिली. "जाते की तात्या," ती शांतपणे म्हणाली. "पण तिसरी तार व्हऊ द्या. ते लोक येतील, त्यांना कोण करून घालंल? मी शबुद दिलाय."

तात्यांना मान डोलवावी लागली. तिसरी तार यायचीच होती. सगळं गाव तेच म्हणत होतं, खुद्द तात्यांनी चावडीवर म्हटलं होतं. ते चहा पिऊन गेले. पुन्हा आले, पुन्हा तेच. अक्का दर महिन्याला ती पातेली काढायची, चिंच लावून घासायची, उन्हात ठेवायची. तिचं सगळं राहणं त्या न आलेल्या तारेवर लटकलं होतं. मी वर बघितलं की ती मधली मोकळी जागा माझ्या डोळ्यांत खुपायची.

त्याच सुमारास नवा जिल्हा झाला, हिंगोली. परभणीचा तुकडा तोडला. ओढ्यापलीकडची गावं हिंगोलीत गेली, आम्ही होतो तिथंच राहिलो, नांदेडात. आमच्या लोकांना वाईट वाटलं, पलीकडे गुलाल उडाला आणि आपल्याकडे साधा पेढा नाही. पुढं गंमत अशी झाली की पलीकडे टँकर नव्या जिल्ह्याचा, अलीकडे जुन्याचा. कधी हा यायचा नाही, कधी तो. मग इकडच्या बाया तिकडच्या रांगेत घुसायच्या आणि तिकडच्या बाया विचारायच्या, "कोण्या जिल्ह्याच्या गं तुम्ही?" ओढा कोरडाच होता, दोन्ही जिल्ह्यांना सारखाच.

तात्यांनी शेवटी दम दिला. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अक्काचे मालक स्वतः न्यायला येतील. तिसरी तार येवो न येवो.

आखितीच्या थोडं आधीची गोष्ट. लाईन तपासत पायी फिरणारा एक तरुण साहेब दुकानावर आला. मालक जेवायला आत गेले होते, मी गल्ल्यावर. तोंड उन्हानं रापलेलं, बोलणं शहरी, नम्र. त्यानं माठातलं पाणी मागितलं, घटाघटा प्याला. मी विचारलं, "साहेब, तिसरी तार कवा येणार?"

"कसली तिसरी?"

मी सांगितलं. तो हसला, पण वाईट हसला नाही. म्हणाला, "ताई, ही वीज वेगळी आहे. तुमच्या मोटारीसारखी नाही, टॉर्चच्या सेलसारखी. हिला दोनच तारा लागतात. एकीनं जायचं, दुसरीनं परत यायचं. काम केव्हाच पूर्ण झालंय."

 काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अन् एक तुटली तर?"

"तरी बंद पडत नाही लगेच. जमिनीतून परत जाते. ताकद निम्मी होते, पण चालते."

तो गेला. सांगायचं की नाही हा प्रश्न मला पडला नाही, कारण माझ्या पोटात काही राहतच नाही. तिन्हीसांजेला अक्का ओसरीत ज्वारीतले खडे निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, सुपात हात घातला आणि सांगून टाकलं. "अक्का, ते येणार न्हाईत आता. दोनच असतात. झालं त्यांचं काम."

तिचे हात थांबले.  मला रडू यायला लागलं, तिला आलं नाही.

"अन् एक तुटली तर काय म्हणला तो?" तिनं विचारलं.

"तरी चालती म्हणला. निम्म्या ताकदीनं. बाकीचं जमीन बघती म्हणे."

"निम्मी का व्हईना," अक्का म्हणाली आणि पुन्हा खडे निवडायला लागली.

त्या सुपावर वाकलेली तिची मान बघताना मला एकदम लातूर आठवलं. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी शाळकरी होते. गावभर पताका, भाषणं, ते सगळं मोठ्या माणसांचं. मला आठवतात ती आमच्या गल्लीत हिंडणारी बदलीची माणसं. बायकालेकरं मागं ठेवून आलेले कारकून, शिपाई, कुठं टेबल नाही, कुठं खुर्ची नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, इथं घरगुती जेवण कुठं मिळतं? आमच्या शेजारच्या काकूंनी ओसरीत पाट मांडले होते. बघता बघता त्यांचा लेक शिकला, घरावर स्लॅब पडला. नव्या जिल्ह्याला कचेरी मिळायला वर्षं लागतात, भूक पहिल्या दिवसापासून लागते.

"अक्का," मी म्हणाले, "तारवाले येत नसतील तर तुम्ही हिंगोलीला चला. तिथं सगळी एकटी माणसं आली असतील."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं नांदेडला पातेलं वाजवताना बघितलं होतं.

आखितीच्या आदल्या दिवशी तात्या आले तेव्हा अक्कानं अप्पांसमोर सांगून टाकलं, "मी हिंगोलीला खानावळ टाकून राहिले."

तात्या उडालेच. "बाईमाणूस, एकटी? लोक काय म्हणतील?"

"जेवतील अन् मग म्हणतील."

तात्या अप्पांकडे वळले. अप्पा आढ्याकडे बघत होते. मी आमच्या मालकांकडे बघत होते, आणि मालक खाली जमिनीकडे. अप्पा नाही म्हणाले असते तर अक्का गेली नसती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी घागर डोक्यावर घेऊन ती डोंगरापलीकडे चालत असती. अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, खाकरले आणि विचारलं, "अन् मागं ते तारवाले आले म्हंजी?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

"आले तर धाडा हिंगोलीला, अप्पा. तिथं वाढीन."

"हाव," अप्पा म्हणाले. "हे बराबर हाय."

संपलं. तात्या चहा न घेता गेले. सकाळी अप्पांनी स्वतः पातेली एसटीच्या टपावर चढवली आणि हिंगोलीपर्यंत तिच्याबरोबर गेले. अप्पा असेपर्यंत कुणी टावरखाली दिसलं की ते विचारायचे, तिसरी आणली का? मी त्यांना शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. अक्काची ताकीद होती.

तर परवा लाईनचा आवाज ऐकला आणि मला राहवेना. मी हिंगोलीची गाडी पकडली. कचेरीच्या मागच्या गल्लीत अक्काची खानावळ आहे. आता मदतीला बाया आहेत, गॅस आहे, तरी भाकरी चुलीवरची. अक्काचे केस पांढरे झालेत. बाकड्यांवर माणसं बसलेली, हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. दुष्काळ पडला की कचेरीत गर्दी वाढते, दाखले, उतारे, अनुदानाचे अर्ज. माणसं सकाळी गाव सोडतात आणि साहेब भेटेपर्यंत उपाशी राहतात.

दुपारची पंगत उठल्यावर आम्ही दोघी मागच्या दारात बसलो. वारा गरम होता. अक्का पान लावत सहज म्हणाली, "मागच्या हप्त्यात ते आले होते."

"कोण?"

तिनं नाव घेतलं नाही, तेव्हा मला कळलं, तिचे मालक. ओढ्यापलीकडचं त्यांचं गाव याच जिल्ह्यात. दाखल्यासाठी त्यांना इथंच यावं लागणार, आज ना उद्या. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तिच्या मात्र आलं असणार, पहिल्या दिवसापासून.

"मग?"

"मग काय. वाढलं."

"वळखलं न्हाई तुम्हाला?"

"न्हाई. मी पदर पुढं घेतला."

मला इतका राग आला म्हणून सांगू. "पदर तुम्ही कशाला घ्यायचा, अक्का? तुमची खानावळ, तुमचं अन्न. तोंड दाखवायचं होतं चांगलं. त्याला लाज वाटू द्यायची होती."

"वाटली असती की," अक्का म्हणाली. "अन् भरल्या ताटावरून उठून गेला असता. लई भुकेला होता गं."